बोल्डरच्या बैठकांना हात लावू नका

स्टीफन किंगच्या 'द स्टँड' या कादंबरीत जीवघेण्या साथीतून वाचलेली माणसं अमेरिकेतल्या बोल्डर शहराला पोचल्यावर कथा रेंगाळते, नव्या वस्तीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या बैठका गाळल्या असत्या तरी चाललं असतं, हे लेखातलं मत अजिबात पटलं नाही. माझ्या मते कादंबरीचा जीव तिथेच आहे. साथीतून उरलेले लोक वीजकेंद्र चालू करतात आणि जास्त भारामुळे ते लगेच बंद पडतं, कारण माणसं मेली तेव्हा घरोघरी दिवे, विजेच्या शेगड्या चालूच राहिल्या होत्या. मग रिकाम्या घरांत शिरून एकेक बटण बंद करत फिरायचं! कादंबरीत आधी येणाऱ्या न्यूयॉर्कच्या लिंकन बोगद्यातल्या अंधारापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली.

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीत आम्ही हेच केलं. वीज परत येण्याआधी गल्लीतल्या बंद घरांचे मेन स्विच बंद करत फिरलो. एका स्वयंपाकघरात चिखलाच्या रेषेच्या वर कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावरचा दुधाचा हिशेब ५ ऑगस्टला थांबलेला. घरातले सगळे नातेवाइकांकडे सुखरूप होते, हे ठाऊक असूनही अंगावर काटा आला. कादंबरी १९७८ ला पहिल्यांदा छापताना गाळलेली शेकडो पानं १९९० च्या आवृत्तीत परत आली, त्यातली काही जड आहेत हे मान्य. पण कात्री तिथे लावा, बैठकांना नको.