पाकिटातून जंगल उगवत नाही

"फक्त एक चमचा मायकोरायझा, आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवा! कुठलंही झाड, कुठलीही माती. राखण नको. जंगल गेलं तरी घाबरू नका, ते परत आणण्याची चावी सापडली आहे." मायकोरायझा म्हणजे झाडांच्या मुळांशी सहजीवनात राहणारी बुरशी; ती पाकिटातून घाला, झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना जेवू घालतात, असं सांगणारा हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी तो सोडूनही दिला असता. पण परवा तो काकांनीच मला पाठवला आणि खाली लिहिलं, "रोपांभोवतीच्या कुंपणासाठी जमवलेली वर्गणी या पाकिटांत घालावी म्हणतोय आमचा गट." आता गप्प बसवत नाही.

त्यातलं खरं आहे ते आधी मान्य करतो. बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचं सहजीवन असतं. त्याला 'मायकोरायझा' हे नाव आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये दिलं. मुळं शिरू शकत नाहीत अशा बारीक फटींतून बुरशीचे तंतू स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं. ही बुरशी नसली की काही झाडं खरंच अडतात. पोर्टो रिको या कॅरिबियन बेटावर पाइनची लागवड वर्षानुवर्षं फसत होती. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या पाइनखालची माती आणून घातली, तेव्हा कुठे रोपं वाढीला लागली. पण ती माती पाइनच्याच मुळांखालची होती, आणि त्या बेटावर पाइनची बुरशी मुळातच नव्हती. हे दोन्ही मुद्दे मेसेजमधून गळलेत.

"कुठलंही झाड" हे वाचून तर माझा संतापच झाला. पाइन, ओक, सालवृक्ष यांची बुरशी मुळांच्या टोकांवर बाहेरून म्यानासारखी चढते. सागाची बुरशी मुळाच्या पेशींत शिरते. या दोन निराळ्या जाती-जमाती आहेत. सागाची बुरशी सालाच्या रोपाला घातली तर त्याला हवी ती बुरशी मिळतच नाही. नुसतं वाया जाणं तरी परवडलं. दक्षिण गोलार्धात पाइनसोबत त्याची बुरशीही नेली गेली, आणि पुढे पाइन लागवडीबाहेर पडून तिथल्या मूळच्या गवताळ माळांत घुसला. युरोपातली 'डेथ कॅप' ही विषारी अळंबी आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर ऑस्ट्रेलियात पोचली. ती खाऊन तिथे माणसं मेली आहेत. परकी बुरशी एकदा जमिनीत रुजली की वेचून काढता येत नाही.

बरं, पाकिटात निदान जिवंत बुरशी असते का? 'अप्लाइड सॉइल इकॉलॉजी' या नियतकालिकात २०२२ मध्ये बाजारातल्या अशा उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. निर्जंतुक केलेल्या मातीत, म्हणजे दुसरी कुठलीही बुरशी आड येणार नाही अशा ठिकाणी ती घालून पाहिली. ८४ टक्के प्रयोगांत मुळांवर बुरशी धरलीच नाही. काका, गटाला एवढं एकच वाचून दाखवा.

झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना जेवू घालतात, हा मेसेजमधला शेवटचा मुद्दा. त्याचे प्रत्यक्ष जंगलातले पुरावे फार तोकडे आहेत, आणि लागवडीशी त्याचा संबंधही नाही.

राहिली राखण. ही बुरशी जिवंत मुळांच्या साखरेवर जगते. रोप गुरांनी खाल्लं, वणव्यात जळलं किंवा वरची माती पावसात वाहून गेली, की बुरशीचाही आधार गेला. राखण हवी ती यासाठी, आणि गुरं अडवायला कुंपण. आणि विरजण हवंच असेल, तर जवळच्या टिकून असलेल्या जंगलातून, परवानगी घेऊन, ज्या जातीची रोपं करायची त्याच झाडांखालची ओंजळ-दोन ओंजळ माती आणा आणि रोपवाटिकेतच पिशव्यांत मिसळा. खणून पोती भरू नका.

"जंगल गेलं तरी घाबरू नका" म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचंय: ते जंगल गेल्यावर ही ओंजळ कुठून आणणार? काका, वर्गणी कुंपणालाच लावा. रोपवाटिकेच्या कामाला मी येतो.