वॉक-इन क्लिनिकला जाताय? मग एवढं कराच

अपॉइंटमेंट नाही, ओळख नाही, चौकशी तर नाहीच. आजारी माणसाला आणखी काय हवं? परवा आईचा गुडघा सुजला म्हणून तिला अशाच एका क्लिनिकात नेलं. बाहेर पडेपर्यंत एवढं शहाणपण आलं, की ते वाटून टाकलेलंच बरं.

निघण्याआधी घरीच एक आजार निवडा. एकच. गुडघा म्हणजे गुडघा. "आणि हल्ली चक्करही येते" म्हणालात की डॉक्टरांची नजर दाराकडे वळते. चक्करेसाठी पुन्हा नंबर लावा.

चार्जर विसरू नका.

सर्दी असेल तर अँटिबायोटिक हक्काने मागा. सर्दी व्हायरसची, हे औषध बॅक्टेरियाचं, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. पण तुम्ही पुन्हा कधी दिसणार नाही, मग समजावत कोण बसणार? औषध अपुरं घेतलं तर जंतू त्याला सरावतील, असं पेनिसिलिन हे अँटिबायोटिक शोधणारे फ्लेमिंग 1945 साली नोबेलच्या व्याख्यानात सांगून गेले. त्यांच्यामागे पुढचा नंबर ताटकळत नव्हता, म्हणून जमलं.

बीपी मात्र दर वेळी मोजून घ्या. दर वेळी डॉक्टर नवा, मशीन नवं आणि "थोडं जास्त आहे, लक्ष ठेवा" हे वाक्य तेच. वेगवेगळ्या दिवसांची मापं शेजारी ठेवून बघायची असतात म्हणे. ती ठेवायची कुणी, ते विचारू नका.

आणि फॉर्म! फॉर्म अगदी मन लावून भरा. दोरीने बांधलेलं पेन, 'चालू औषधे' हा बोटभर रकाना. त्यात आईची बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, दोन्हींचे डोस, सगळं समासापर्यंत कोंबून लिहिलं. आत डॉक्टरांनी गुडघा दाबला, स्क्रीनकडे बघतच आयबुप्रोफेन लिहिलं. मी म्हटलं, "तिच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर चालेल ना?" उत्तर आलं, "कुठल्या गोळ्या?" फॉर्म बाहेर, रिसेप्शनवरच्या ट्रेमध्ये, दुसऱ्या फॉर्मांखाली. बीपीची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि वर हे वेदनाशामक, असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ शकतात, उतारवयात तर जास्तच. शिवाय हे वेदनाशामक एकटंही बीपी वाढवतं. यात गुपित काय आहे? हे शिकूनच डॉक्टर होतात ना? मी विचारलं नसतं तर? ज्यांच्याबरोबर विचारणारं कुणी नसतं, त्यांचं काय?

बोट कापलं, पाय मुरगळला, सुट्टीच्या दिवशी कान ठणकला, तर ही क्लिनिकं हवीतच, नाहीतर ती सगळी गर्दी इमर्जन्सीत जाईल. पण 1978 च्या अल्मा-अता इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेला पहिला संपर्क म्हटलंय, तसंच अखंड चालणाऱ्या काळजीची सुरुवातही म्हटलंय. क्लिनिकवाल्यांनो, तुम्ही सोयीचं पहिलं तेवढं उचललंत. मधुमेह, बीपी, दमा घेऊन वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसाला दर वेळी अनोळखी म्हणून तपासता, काय दिलं ते त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला कळवत नाही, आणि वर याला सेवा म्हणता? रुग्णाच्या हातात निदान नीट लिहिलेली चिठ्ठी तरी द्या. आणि तो फॉर्म वाचा हो! अर्धं मिनिट लागतं. तेवढंही होत नसेल तर गोळी लिहू नका.