घोडबंदरचा बळीराजा

अभिनंदन. घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहूनही तुम्ही बळीराजा आहात, फक्त आजवर कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मुरबाडकडे आजोबांची अडीच एकर भातखाचरं आहेत ना? सातबाऱ्यावर आईचं नाव आहे ना? मग झालं तर. राब म्हणजे काय, हे माहीत नसलं तरी अडत नाही. फॉर्मात तसा रकानाच नाही.

जमीन स्वतःच्या नावावर करून घ्यायची घाई मात्र नको. तुम्ही इन्कम टॅक्स भरता, आणि पीएम किसानमध्ये टॅक्स भरणाऱ्याला जागा नाही. ज्यांनी डोळा चुकवून हप्ते घेतले, त्यांच्या घरी नंतर वसुलीच्या नोटिसा गेल्या. आई टॅक्स भरत नाही. तिला केंद्राचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी योजनेतून राज्याचे आणखी ६,००० मिळतात. एवढ्यात सोसायटीचा एखाद्या महिन्याचा मेंटेनन्स तरी सुटतो. यात बेकायदा काहीही नाही, म्हणून तर मी उघडपणे सांगतोय.

आता ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात काय पेरलंय त्याची मोबाईलवरून सातबाऱ्यावर नोंद. हे ॲप २०२१ पासून राज्यभर आहे आणि त्याला फोटो बांधावरूनच लागतो, बाल्कनीतल्या तुळशीचा चालत नाही. तेव्हा श्रावणातला एखादा रविवार काढा. तसंही माळशेजला धबधबे बघायला जाताच, वाटेत गाडी थांबवा. पांढरे बूट घालू नका. खाचरात कुणी पोटरीभर चिखलात वाकून बेणणी करत असेल, तर त्याला प्रेमानं म्हणा, "दादा, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

ते दादा म्हणजे तुमची शेती. वीस वर्षं अर्धेलीने करतात. बी त्यांचं, बैल त्यांचे, बायको-मुलांचे हात त्यांचे, अर्धं भात तुमचं. पण त्यांच्याशी कागद करायचा नाही, हे वडिलांनी तुम्हाला मुंजीच्या आधी शिकवलं असेल. कागद केला की कूळ लागतं! १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवलं, आणि तेव्हापासून आपल्याकडची शहाणी माणसं जमीन कसायला तोंडीच देतात. कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्या कायद्याच्या धाकानं कसणाऱ्याचं नाव एकाही कागदावर येत नाही. (तारीख १ एप्रिलच का निवडली असेल, हा प्रश्न विचारू नये.)

कागदावर नाव नाही म्हणजे सरकारच्या लेखी तो माणूसच नाही. शेतकरी ओळख क्रमांक तुमच्या आईचा. अवकाळीत भात आडवं झालं की पंचनामा आईच्या नावानं. २०२४-२५ च्या खरिपात धानाला हेक्टरी २०,००० बोनस जाहीर झाला, तोही सातबाऱ्याच्या मागोमाग. तुमची अडीच एकर म्हणजे जेमतेम एक हेक्टर, हिशेब तुम्हीच करा. दादा फोन करतील, "शेठ, भाताचा बोनस आला म्हणतात." तुम्ही म्हणा, "अहो, बँकेत आधारचं काहीतरी अडकलंय." हे वाक्य पाठ करून ठेवा. आधारचं नेहमी कुणाचं ना कुणाचं काहीतरी अडकलेलं असतंच, त्यामुळे ते कुणालाही पटतं.

पैशांचं काय करायचं ते मी सांगणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शेतकऱ्यांना फुकटची सवय लागलीय' असा मेसेज मात्र नक्की टाका. आता तुम्ही आतले, तुम्हाला तो अधिकार आहे.

दिवाळीनंतर दादा तुमच्या वाट्याचं भात सडून, तांदळाची गोणी घेऊन येतील. एसटीनं कल्याण, तिथून ठाणे, मग रिक्षा. गेटवरच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो मेन लिफ्टनं सोडायचा. गोणीतून कोंडा सांडतो, सर्व्हिस लिफ्ट बरी. रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर, वेळ लिहून घेतात. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात वॉचमन स्वतःच लिहितो: डिलिव्हरी.