2024 वायआर4: ‘आधी घाबरवलं, मग हात झटकले’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘2024 वायआर4’ या लघुग्रहावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग तीन टक्के आणि आठवडाभरात जवळपास शून्य, शास्त्रज्ञ लोकांना घाबरवतात, निधी पदरात पाडून घेतात आणि मग हात झटकतात, आकडा पक्का होईपर्यंत गप्प बसायला काय होतं? माझ्यासारखे लिहिणारे त्यांचीच री ओढतात, असंही तुम्ही म्हटलंत. प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिच्यातली एक गोष्ट मला मान्य आहे, ती आधी सांगते.

लेखात मी ‘तीन आठवड्यांत धोका तिपटीने वाढला’ असं लिहिलं होतं. ते वाक्य चुकीचं आहे. धोका वाढलाच नव्हता. ज्या दिवशी टक्कर होईल अशी शंका होती, त्या 22 डिसेंबर 2032 ला तो दगड कुठून जाणार, हे त्याच्या कक्षेनेच ठरवलेलं होतं. आपण मोजमाप करतो म्हणून त्याची वाट बदलत नाही. त्या तीन आठवड्यांत बदलली ती आपली माहिती. एवढ्या एका चुकीच्या वाक्यामुळे बाकीचा लेखच भीती घालणारा वाटला असेल, तर दोष माझा.

आता आकडा का चढला ते. चिलीमधल्या ॲटलास दुर्बिणीला हा लघुग्रह 27 डिसेंबर 2024 ला दिसला, आणि तोवर तो पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे सापडला तोच पाठमोरा, दूर जाणारा, रोज आणखी मंद होत जाणारा. त्याच्या लांबलचक कक्षेचा एक लहानसा तुकडाच हाती होता. तेवढ्यावरून आठ वर्षांनंतरची जागा काढायची, तर उत्तर एका बिंदूत येत नाही. येतो एक लांब, अरुंद पट्टा: त्या दिवशी दगड या पट्ट्यात कुठेतरी असेल, एवढंच म्हणता येतं. त्या पट्ट्यात पृथ्वी असेल, तर तिने त्याचा किती भाग व्यापला यावरून शक्यता निघते.

सोपं गणित करू. समजा पट्टा 10 लाख किलोमीटर लांब आहे. पृथ्वीचा व्यास साधारण 12,750 किलोमीटर, म्हणजे शक्यता सव्वा टक्का. नवी निरीक्षणं आली आणि पट्टा आक्रसून 4 लाख किलोमीटरवर आला. पृथ्वी अजून त्यातच आहे, आकाराने तेवढीच आहे, पण आता तिचा वाटा तीन टक्क्यांच्या वर गेला. (खऱ्या पट्ट्यात सगळ्या जागा सारख्या शक्यतेच्या नसतात, त्यामुळे खरं गणित जास्त किचकट असतं, पण आकडा चढण्याचं कारण हेच.) पुढे पट्टा आणखी आक्रसतो, त्याचं टोक पृथ्वीवरून सरकून बाहेर जातं, आणि आकडा एकदम कोसळतो. 18 फेब्रुवारी 2025 ला नासाचा आकडा 3.1 टक्के होता. 24 फेब्रुवारीला 0.004 टक्के. जो दगड आपल्याला चुकवून जाणार आहे, त्याच्या बाबतीतही आकडा आधी असाच चढू शकतो.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. डिसेंबर 2004 मध्ये अपोफिस या लघुग्रहाच्या टकरीची शक्यता 2.7 टक्क्यांपर्यंत गेली होती. मग त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या छायाचित्रांत तो सापडला, कक्षेचा हाती असलेला तुकडा लांबला आणि 2029 ची टक्कर निकालात निघाली. 13 एप्रिल 2029 ला तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे 32,000 किलोमीटरवरून जाईल, भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून.

मग आकडा पक्का होईपर्यंत गप्प का बसू नये? तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गप्प बसून आकडा पक्का होत नाही. तो पक्का होतो तो मोठ्या दुर्बिणी त्या मंद ठिपक्याकडे वळवल्याने. शक्यता एक टक्क्याच्या वर आणि आकार दहा मीटरपेक्षा मोठा असेल, तर आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने सूचना द्यायची, असा नियम आधीपासून आहे; त्याप्रमाणे 29 जानेवारीला ती दिली गेली. फेब्रुवारीच्या मध्यावर पौर्णिमेच्या उजेडात निरीक्षणं थांबली, ती पुन्हा सुरू झाल्यावर आठवड्याभरात निकाल लागला. मार्चमध्ये अवकाशातल्या वेब दुर्बिणीने त्याची उष्णता मोजून आकार सुमारे 60 मीटर असल्याचं सांगितलं. आधीचा अंदाज 40 ते 90 मीटर असा सैल होता, कारण नुसत्या परावर्तित प्रकाशावरून लहान पण उजळ दगड आणि मोठा पण काळपट दगड वेगळे ओळखता येत नाहीत. 40 आणि 90 मधला फरक किरकोळ नाही: त्याच घनतेच्या दगडाचं वस्तुमान अकरा पटींहून जास्त होतं. दोन महिन्यांनी हे करायचं ठरवलं असतं, तर तो जमिनीवरच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर गेला असता, आणि पुन्हा भेट थेट 2028 मध्ये.

निधीसाठी आकडा फुगवला असेल, ही शंकाही टिकत नाही. निरीक्षणं मायनर प्लॅनेट सेंटर या जगभरची लघुग्रहांची निरीक्षणं गोळा करणाऱ्या केंद्राकडे जमा होतात आणि सगळ्यांना खुली असतात. नासा आणि युरोपीय अवकाश संस्था त्यांवरून आपापलं स्वतंत्र गणित करतात, नासा 3.1 म्हणत होती तेव्हा युरोपचा आकडा 2.8 होता. लपवणं किंवा फुगवणं दुसऱ्या दिवशी उघडं पडलं असतं.

आणि आकडा दरवेळी खाली येतोच असं नाही. 6 ऑक्टोबर 2008 ला लघुग्रह शोधणाऱ्या कॅटलिना सर्वेक्षणात ‘2008 टीसी3’ हा जेमतेम चार मीटरचा दगड दिसला. त्याचाही पट्टा आक्रसत गेला, पण पृथ्वी त्यातून बाहेर पडलीच नाही. शक्यता शंभर टक्क्यांवर पोहोचली आणि सापडल्यापासून सुमारे वीस तासांत तो सुदानमधल्या वाळवंटावर फुटला. वेळ आणि जागा आधीच सांगितलेली होती, म्हणूनच खार्टूम विद्यापीठाचे विद्यार्थी नंतर वाळवंटात रांग धरून चालले आणि त्यांनी त्याचे तुकडे वेचले. तो वृत्तान्त मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता. उलट 15 फेब्रुवारी 2013 ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे वीस मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने आला. तो कोणालाच आधी दिसला नाही, आकडा नव्हता, सूचना नव्हती. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांनी. लखलखाट पाहून लोक खिडक्यांपाशी गेले होते आणि हादरा त्यानंतर पोहोचला.

एक गोष्ट मात्र मी लेखात लिहायला हवी होती आणि लिहिली नाही. ‘2024 वायआर4’ हा टकरीचा धोका 0 ते 10 पायऱ्यांत मांडणाऱ्या तोरिनो मापनश्रेणीवर 3 या पायरीवर होता. त्या पायरीच्या अधिकृत वर्णनातच म्हटलं आहे की नव्या निरीक्षणांनंतर ती बहुधा 0 वर येईल. म्हणजे आकडा उतरेल, हे तो चढलेला असतानाच लिहून ठेवलेलं होतं. बातम्यांच्या मथळ्यांत ते आलं नाही, आणि माझ्या लेखातही नाही. आज ते वर्णन लेखात पहिल्याच परिच्छेदात घातलं आहे, ‘धोका वाढला’ हे वाक्य काढलं आहे, आणि पट्ट्याचं वरचं गणित तिथेही जोडलं आहे. त्यात काही खटकलं तर जरूर लिहा.