खुलासा: हाइजमन हा क्वार्टरबॅकचा पुरस्कार नाही

‘अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम क्वार्टरबॅकला दरवर्षी हाइजमन ट्रॉफी देतात’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू. हाइजमन सर्वोत्तम खेळाडूसाठी असते, त्यामुळे ती कोणत्याही जागी खेळणाऱ्याला मिळू शकते. २०२०च्या मोसमात ती अलाबामा विद्यापीठाचा रिसीव्हर (पास झेलणारा) डेव्हाँटा स्मिथला मिळाली. त्याला पास देणारा क्वार्टरबॅक मॅक जोन्स डेव्ही ओब्रायन पुरस्काराचा मानकरी ठरला. १९८१पासून हा राष्ट्रीय पुरस्कार फक्त क्वार्टरबॅकसाठी आहे. २००० नंतर हाइजमन बहुतेकदा क्वार्टरबॅकनीच जिंकल्यामुळे हा घोळ होतो, ते स्वाभाविकही आहे.

मॅनिंग पुरस्कारही क्वार्टरबॅकचाच, पण त्यात मोसमाअखेरच्या ‘बोल’ (bowl) नावाच्या सामन्यांतली कामगिरीही धरतात. हाइजमनचं मतदान त्याआधीच उरकतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.