पेटी उघडण्याचा मुहूर्त

लग्न, मुंज, वास्तुशांत, अगदी नवी गाडी घ्यायची झाली तरी पंचांगात दिवस सापडतो. मधमाश्यांची पेटी कधी उघडावी याबद्दल मात्र शास्त्रकार गप्प आहेत. त्यामुळे दर माघात आमच्या ठाण्याच्या गच्चीवरचा हा मुहूर्त मलाच काढावा लागतो. आणि पत्रिका नुसती माश्यांची जुळून भागत नाही, अख्ख्या बिल्डिंगची जुळावी लागते.

पुस्तकं सगळी थंड मुलखातली. म्हणे, 'बाहेर 14-15 अंश झाले, वारा पडला, की झाकण उचला.' ठाण्यात 14 अंश झाले तर माणूस झाकण उचलणार नाही, गोधडी ओढेल. इथे 20 लाच तलावपाळीवर कानटोप्या फिरायला निघतात! माश्या आपल्या पिल्लांपाशी 34-35 अंश राखून असतात, म्हणजे फाल्गुनातल्या दुपारी आमच्या गच्चीवर जवळजवळ तेवढंच. त्यांना गारठ्याची कसली भीती? त्यांचे हाल पावसाळ्यात. तेव्हा फुलं नसतात, साखरेचा पाक द्यावा लागतो. थंडी सरता सरता येऊरच्या जंगलात काटेसावर, पांगारा, पळस फुलतात, मागच्या चाळीतला शेवगा बहरतो, आणि राणी अंडी घालायचा सपाटाच लावते.

खरी गोची इथे आहे. पेटीत दाटी झाली की माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला नव्या राणीची कोठडी बांधतात, तोंड खाली करून लोंबणारी. आठ-नऊ दिवसांत तिचं तोंड मेणाने बंद होतं आणि त्याच सुमारास जुनी राणी अर्धं गोकुळ घेऊन बाहेर पडते. पडून जाणार कुठे? सेक्रेटरींच्या ग्रिलवर. म्हणजे पेटी उघडून ती कोठडी वेळेत हेरायला हवी, उशीर परवडत नाही. बरं, रोज उघडून डोकावावं, तर आमची सातेरी जात भलती मानी. फार ढवळाढवळ केलीत तर पेटी सोडून चालती होते, भाडेकरूसारखी नोटीस वगैरे देत नाही.

उत्तम वेळ सकाळी दहा ते बारा. कामकरी माश्या बाहेर असतात, पेटीत गर्दी कमी. नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पोह्याचे पापड वाळत घालतात. त्याआधी रथसप्तमीपर्यंत गच्चीवर हळदीकुंकवं. गजरे आणि अत्तराचा घमघमाट असताना पेटी उघडायची म्हणजे माश्यांनाही वाण लुटायला बोलावणं. पुढे टाकी सफाई. शनिवार ठरवावा तर ढग येतात, आणि ढगाळ हवेत सगळ्या घरीच बसलेल्या, वर चिडलेल्या.

शेवटी एकदाचा सगळा योग जुळला. मी निघालो, तर हिने हातात वेलची केळं ठेवलं.

"उपाशीपोटी वर जाऊ नका."

"केळं नको! डंख मारताना माशी जो वास सोडते तो केळ्यासारखाच असतो. बाकीच्या धावून येतात."

"मग शिरा करते. अर्धा तास थांबा."

शिऱ्यावर वेलची किती घालायची यात पावणेअकरा झाले.

वर नारळाची सोडणं पेटवून पेटीच्या दारात धूर सोडला. तेवढ्यात वॉचमन वाळूची बादली घेऊन धापा टाकत हजर. त्याला जिन्यात बसवून पोळ्याची चौकट हळूच उचलली आणि ऊन पाठीवर घेऊन तिरकी धरली. घराघराच्या तळाशी एकेक अंडं, उभं, शिवणाच्या दोऱ्याच्या बारीक तुकड्याएवढं. राणी दिसली नाही, पण ताजं अंडंच असं उभं असतं, म्हणजे कालपरवापर्यंत बाईसाहेब कामावर होत्या. कडेला राणीची कोठडी नाही. झाकण लावलं.

खाली लिफ्टपाशी सेक्रेटरी रिकामी बरणी घेऊन उभे. काकूही होत्या, वाटी घेऊन.

"किती निघाला?"

"मध नाही काढला, साहेब. नुसतं बघितलं."

"नुसतं बघायला?" काकू म्हणाल्या. "आणि त्यासाठी माझे पापड उचलायला लावलेत?"