रोखीत विका, उधारीवर नको

प्रतिस्पर्धी देशाला माल विकला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही. मला खटकतं ते दुसरंच. विकायचंय तर खुशाल विका, पण त्याला खरेदीसाठी सरकारी तिजोरीतून स्वस्त कर्ज कशाला?

अमेरिकेची एक्झिम बँक, म्हणजे निर्यातीसाठी कर्ज देणारी सरकारी बँक, 1934 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने काढली, तीच मुळी सोव्हिएत रशियाशी व्यापार वाढवायला. गंमत म्हणजे जुन्या कर्जांचा तंटा मिटेना, त्यामुळे तेव्हा रशियाला छदामही मिळाला नाही. दार उघडलं थेट 1972 मध्ये, निक्सनच्या काळात.

मग आला कामा नदीकाठचा अवाढव्य ट्रक कारखाना. यंत्रांच्या किमतीपैकी 10 टक्के रशियाने रोख मोजायचे, 45 टक्के एक्झिमने द्यायचे आणि उरलेले 45 टक्के चेस मॅनहॅटन बँकेने. एक्झिमचा वाटा 15 कोटी डॉलरच्या वर, व्याज 6 टक्के. 1974 मध्ये खत प्रकल्पाला आणखी 18 कोटी, तेही 6 टक्क्यांनीच. त्याच वर्षी अमेरिकन बँका आपल्या सर्वात भरवशाच्या गिऱ्हाइकांना 11-12 टक्के लावत होत्या. घरच्या कारखानदाराला बारा आणि सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हला सहा! पुढे 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, तेव्हा त्यांच्या दिमतीला याच कामा कारखान्याचे कामाझ ट्रक होतेच.

'आपण नाही दिलं तर युरोप देईल' हा युक्तिवाद खोटा नाही. 1975 च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन मॉस्कोत जाऊन 95 कोटी पौंडांची उधारी कबूल करून आले. मग करू देत की! बुडाले तर त्यांचे बुडतील.

पण अमेरिकन काँग्रेसने जे केलं त्यालाही माझा पाठिंबा नाही. नव्या कर्जांवर चार वर्षांसाठी 30 कोटी डॉलरची मर्यादा घातली, वर सोव्हिएत ज्यूंना देश सोडू द्या ही जाहीर अट. एवढ्याशा रकमेसाठी महासत्ता चारचौघांत मान तुकवेल? जानेवारी 1975 मध्ये मॉस्कोने अमेरिकेसोबतचा 1972 चा व्यापार करारच धुडकावला. 1973 मध्ये सुमारे 35 हजार ज्यू बाहेर पडले होते, 1975 मध्ये जेमतेम 13 हजार. तेलही गेलं, तूपही गेलं.

ज्याला ऑर्डर हवी त्या कंपनीने आणि तिच्या बँकेने बाजारभावाने कर्ज द्यावं, बुडीत खातंही त्यांनीच सोसावं. नफा त्यांच्या खिशात आणि हमी करदात्याची, हे मला तरी पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर कमेंटमध्ये भांडू.